माझ्याखाली बसलेली माणसं

चटई म्हटलं की तुम्ही तिच्यावर बसता. माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही, मित्रांनो. माझ्याखाली मात्र माणसं बसली आहेत. गुडघे टेकून, माना खाली घालून, बाहेरचं काहीही दिसत नसताना.

गोष्ट त्यांची आहे. माझी त्यात कमीच.

आमचं विणकाम कोपऱ्यातून सुरू होतं. म्हणून मीही कोपऱ्यातूनच सुरू करते. मध्येच एखादी पट्टी सुटल्यासारखी वाटली, तर वाटू द्या. पुढे ती सापडेल.

*

आधी मी पान होते. तुमच्याकडच्या केवड्याच्या भावकीतलं आमचं झाड. पानांच्या दोन्ही कडांना काटे. मोएलागी नावाच्या बाईनं मला कापलं, आणि सगळ्यात आधी माझे काटे काढले. मग उकळलं, समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळवलं. मी पांढरी आणि मऊ झाले, तेव्हा तिनं शिंपल्यानं मला चिरून चिरून दोऱ्याइतकं बारीक केलं. राग यायचा मला. एवढं कशाला छळायचं एका पानाला?

नंतर समजलं. जाड पट्टीची चटई महिन्या-दोन महिन्यांत होते, आणि ती चटईच राहते. बारीक पट्टीची विणायलाच वर्षानुवर्षं लागतात, आणि ती पुरी होते तेव्हा रेशमासारखी हातातून घसरते. आमच्याकडे, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर, तिला 'इए तोगा' म्हणतात. तिच्यावर कुणी झोपत नाही. ती लग्नात देतात, मयताला देतात, आणि आणखी एका कामाला वापरतात. त्याबद्दल पुढे.

गावातल्या बाया विणायच्या घरात एकत्र बसत. ते घर म्हणजे खांब आणि छप्पर, भिंती नाहीतच. सगळं गाव दिसायचं, आणि गावाला आम्ही.

"मोएलागी, तुझी चटई पुरी होईस्तोवर आमची नातवंडं म्हातारी होतील गं!"

"होऊ देत की. त्यांना पांघरायला तरी बरं काही मिळेल."

तिच्या मांडीला मांडी लावून एक लहान मुलगी बसायची. यानेता. तिच्या भावाची मुलगी. आईबाप दूर ऑकलंडला कारखान्यात कामाला, नाताळला कपड्यांचं खोकं पाठवायचे. पोरगी वाढली ती आत्याकडे.

*

आत्यानं तिला काय शिकवलं?

मोठ्यांच्या समोरून जायचं तर कमरेत वाकून, 'तुलोऊ' म्हणत जायचं. म्हणजे माफ करा, मी समोरून जातेय. बसलेल्या माणसाकडे पाय पसरायचे नाहीत. घरातल्या मोठ्यांना आधी वाढायचं, ते जेवेपर्यंत पंख्यानं माश्या वारायच्या, मग उरलेला तारो, म्हणजे आमच्याकडचा अळूचा कंद, आपण खायचा. घरातल्या एकाची चूक ती सगळ्या घराची चूक. एकाला शाबासकी मिळाली, तर तीही सगळ्यांची.

उपदेश मात्र तिनं कधी केला नाही. ती नुसती बघायची. त्या बघण्यापुढे बोलणं परवडलं, असं पोरं म्हणत.

*

माझ्या अंगावर एक ओळ आहे. डाव्या काठापासून वीतभर आत.

यानेताला पहिल्यांदाच विणायला दिलं होतं. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. समुद्रावर पोरांचा आरडाओरडा ऐकून तिचं लक्ष उडालं आणि एक पट्टी वरून जायची ती खालून गेली. तिला कळलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि विणत पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पुढे. तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. ती चूक माझ्या पोटात कुसळासारखी बोचत होती.

शेवटी एका दुपारी तिनं हात थांबवले.

"आत्या, तिकडे मागे चुकलंय."

"हो का?"

"तू पाहिलं नव्हतंस?"

"त्याच दिवशी पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर चटई तशीच पुरी झाली असती. आणि दर वेळी ती उलगडली की तुझी नजर तिथेच गेली असती. चल, उसव."

"सगळं?"

"चुकीपर्यंतचं सगळं."

पोरगी रडत रडत उसवू लागली. बाजूच्या बाया कळवळल्या. "अगं, राहू दे ना मोएलागी! लेकरू आहे. कोण बघतंय?"

"ती बघतेय ना," आत्या म्हणाली.

ती ओळ पुन्हा विणली गेली, अगदी बरोबर. पण आमची पट्टी एकदा दुमडली की घडीची रेघ कायमची राहते. ती रेघ आजही माझ्या अंगावर आहे.

*

शाळा मी पाहिलेली नाही. पण शाळा रोज विणायच्या घरात यायची, यानेताच्या तोंडून. तिच्यामागून तिचा चुलतभाऊ कोमे यायचा, मोठ्या काकांचा मुलगा. हाडापेरानं दांडगा, आणि हसरा.

अपेरामो मास्तर हे त्या शाळेचं सगळं काही. गॅसची एक रिकामी टाकी फणसाच्या झाडाला टांगली होती, आमच्याकडच्या विलायती फणसाला, तीच घंटा. मास्तरांचा नियम असा, की घंटा वाजली की जो जिथे असेल त्यानं तिथेच थांबायचं. पळत असाल तर एक पाय वर ठेवून थांबा. चेंडू हवेत असेल तर तो पडू दे, तुम्ही हलू नका.

"का पण, सर?" कोमेनं विचारलं होतं.

"कुणी थांबा म्हटलं की थांबता आलं पाहिजे. पळायला काय, कोंबडीलाही येतं."

दुसरा नियम याहून अवघड. काही मोडलं, सांडलं, हरवलं की मास्तर विचारायचे, "कुणी केलं?" आणि वर्गाकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. म्हणायचे, "मी वळेन तेव्हा ज्यानं केलं तो उभा असेल. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही." कितीही वेळ लागो, ते वळायचे नाहीत. उभं राहणाऱ्याला कुणाच्या डोळ्यांचा मार बसू नये, म्हणून ती पाठ होती.

एकदा यानेताच्या हातून नकाशा फाटला. मास्तर वळले, तर कोमे उभा.

"कोमे, तू केलंस?"

"हो सर."

"तुझं मन मोठं आहे, बाळा. पण ही जागा तुझी नाही. बस खाली."

आणि ते पुन्हा फळ्याकडे वळले. या खेपेला यानेता उभी राहिली.

संध्याकाळी घरी ही हकिकत आली, तेव्हा आत्यानं कोमेला पाठीवर थाप मारून तारोचा मोठा तुकडा दिला. यानेता गोंधळली. "सरांनी त्याला बसवलं, आणि तू बक्षीस देतेस? मग बरोबर कोण?"

"दोघंही."

"असं कसं?"

"मोठी झालीस की बघशील. आता पाणी आण."

मित्रांनो, हा प्रश्न तिथेच लोंबत राहिला. म्हटलं होतं ना, एखादी पट्टी सुटेल म्हणून.

*

मी पुरी झाले. काठाला लाल पिसं लागली. बायांनी मला चारी टोकांना धरून गावभर मिरवलं, म्हाताऱ्या नाचल्या, कुणी डोळे पुसले. यानेता तोवर मोठी होऊन गावच्याच शाळेत शिक्षिका झाली होती. अपेरामो मास्तरांची घंटा आता ती वाजवायची. तिच्या पहिल्या वर्गात लोसियो नावाचा एक वाळका, कानांचा मोठा मुलगा होता. घंटा वाजली की तो इतका गच्च थांबायचा, की इतर पोरं त्याच्या डोक्यावर करवंट्या ठेवत.

मग मला घडी घालून आत्याच्या गादीखाली ठेवलं.

अंधार.

अंधार.

किती वर्षं, कोण जाणे. कधीतरी झुरळ फिरायचं. माझी आठवण कुणाला उरली असेल असं वाटेना.

*

आमच्या गावात दिवस मावळताना 'सा' असते, प्रार्थनेची वेळ. पहिली घंटा म्हणते, घरी जा. दुसरी म्हणते, आता थांबा. मग तिसरी होईपर्यंत रस्त्यावर कुणी चालत नाही, गाडी हलत नाही, घराघरांतून फक्त गाणी ऐकू येतात. गावची तरुण पोरं रस्त्याच्या कडेनं उभी राहून राखण करतात. बाहेरची गाडी आली तर हात वर करून थांबवतात.

त्या संध्याकाळचं मी नंतर ऐकलं. यानेता आपिया शहराच्या बाजारातून गाडी घेऊन येत होती. शेजारी कोमे. मागे मासळीचा बर्फ वितळत होता. पुलावर पहिली घंटा ऐकू आली. चर्चपाशी दुसरी. घर एका वळणावर राहिलं होतं.

"पोचतोय, पोचतोय," कोमे हसला.

ती थांबली नाही.

वळणावर लोसियो उभा होता. आता उंच झालेला, कान तेवढेच. त्यानं हात वर केला. मावळतीचं ऊन यानेताच्या डोळ्यांत होतं.

तो हलला नाही.

*

दोघांनी त्याला उचलून गाडीत घातलं. यानेतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि गाडी कोमेनं चालवली, इस्पितळापर्यंत. गाव दारांत आलं तेव्हा गावाला दिसला तो स्टिअरिंगवर बसलेला कोमे.

परतताना कोमे म्हणाला, "माझ्या नावावर राहू दे. तू शाळेतली. तुझं सगळं जाईल. माझं काय जाणार आहे?"

यानेता रस्त्याकडे बघत राहिली.

घरी मोठे काका, उलुगिया, बसले होते. ते त्या कुटुंबाचे मताई, म्हणजे सगळ्या घराच्या वतीनं बोलणारा माणूस. यानेता त्यांच्या समोरून आत गेली, ताठ, 'तुलोऊ' न म्हणता. तिनं जन्मात असं केलं नव्हतं. मोएलागीनं पाहिलं.  तिनं गादी उचलली आणि मला बाहेर काढलं.

आता ते आणखी एक काम. घरातल्या कुणाच्या हातून फार मोठं वाईट झालं, की त्या घराचा मताई उजाडायच्या आत समोरच्यांच्या अंगणात जाऊन बसतो. डोक्यावरून घरातली सगळ्यात चांगली चटई ओढून घेतो. बाकीचं घर मागे, मान खाली घालून. याला 'इफोगा' म्हणतात. समोरच्यांनी येऊन चटई उचलली, तर माफ. नाही उचलली, तर बसून राहायचं. पूर्वी काहींनी दगड उचलले आहेत, सुरे उचलले आहेत. चटईखालच्याला ते दिसत नाहीत. न दिसण्यासाठीच ती असते.

मला काकांच्या हातात देताना मोएलागीनं भाचीकडे एकदाच पाहिलं. तीच ती नजर. विणायच्या घरातली.

*

झुंजुमुंजू होत होतं. लोसियोच्या घरासमोरची हिरवळ दवानं भिजलेली. लोसियोचे वडील इस्पितळात त्याच्या उशाशी होते, तो अजून शुद्धीवर आला नव्हता. घराच्या ओट्यावर त्याची आई सिएनी उभी होती, तिच्यामागे चुलते, भाऊ. कुणाकुणाच्या हातात काय होतं, ते मी पाहिलं. ते सांगणार नाही.

माझ्याखाली दोघं बसले. उलुगिया काका आणि कोमे. आता ऐका. माझ्याखाली अंधार होता, त्यामुळे माझ्याकडे नुसते आवाज आहेत.

"पाठ वाकव नीट. नारळ उचलायला आलास का?"

"वाकवलीय, बाबा."

"घाबरलास?"

"नाही. थोडा."

"मीपण."

मग माझा मागचा काठ उचलला गेला. थंड वारा आत आला. त्यासोबत एक गुडघा.

"सरक, कोमे."

"यानेता? वेडी आहेस का? जा मागे!"

"सरक ना. पाय दुखतोय माझा."

"अगं लोक बघतायत!"

"बघू देत. इथून कुठे दिसतायत?"

"काय चाललंय तुमचं?" काकांचा दबका आवाज. "ही चटई आहे का बाजारातली बस? यानेता, तू बायकांत जा."

"काका, गाडी मी चालवत होते."

काकांचा खांदा कोमेकडे वळला.

"कोमे?"

"बाबा, ते मी..."

"तुला विचारलं नाही. तिला विचारलं. पुन्हा सांग."

"मी चालवत होते. दुसरी घंटा ऐकली होती. घर जवळ होतं म्हणून थांबले नाही." तिचा श्वास माझ्या विणीला लागत होता. "कोमे लहानपणीही असाच उभा राहिला होता. सरांनी त्याला बसवलं होतं."

"मग आता मी काय करू?" कोमेचा आवाज रडवेला. "निघून जाऊ?"

"कुठे जातोस! जागा तुझी नाही, पण घर तुझंच आहे. बस. माझ्या बाजूला बस," यानेता म्हणाली.

मित्रांनो, सुटलेली पट्टी इथे सापडली. शाळेनं तिला उभं केलं होतं आणि घर तिच्या दोन्ही बाजूंना बसलं होतं. आत्यानं 'दोघंही' म्हटलं होतं ते काय, ते मला त्या अंधारात कळलं. तिलाही कळलं असावं. तिचा खांदा कोमेच्या खांद्याला टेकला.

काका हळूच म्हणाले, "आता हे त्यांना ऐकू जायला हवं. खोट्यावर त्यांनी चटई उचलली, तर ती माफी कुणाची? पण पोरी, हे ऐकल्यावर ते उचलतील की नाही, माझा भरवसा नाही."

"माहीत आहे."

"मग बोल. मोठ्यानं. वर्गात बोलतेस तसं."

*

"सिएनी! मी यानेता बोलतेय. गाडी कोमे चालवत नव्हता. मी चालवत होते. घंटा मी ऐकली होती."

सगळीकडे कोंबड्यांचा तेवढा आवाज. मग ओट्यावरून पायांचा आवाज, गवतावर, जवळ.

"तू?" सिएनीचा आवाज अगदी माझ्या वर होता. "माझ्या लेकाला थांबायला कुणी शिकवलं? बोल, कुणी शिकवलं?"

"मी."

"दुसरा कुणी असता तर उडी मारून कडेला गेला असता. तो नाही गेला. तू शिकवलं होतंस म्हणून तो हलला नाही!"

"हो."

"आणि तू स्वतः?"

"मी थांबले नाही."

 मागून तिचा दीर म्हणाला, "वहिनी, आत या. बसू देत त्यांना दुपारपर्यंत." कुणीतरी कोमेला शिवी घातली, मग चूक कळून गप्प झाला.

ऊन माझ्या पिसांवर आलं. मग पाठीवर. खाली तिघांचा घाम. कुणीही हललं नाही. यानेता तर अशी गच्च बसली होती, की तिच्या डोक्यावर करवंटी राहिली असती.

सिएनी गेली नव्हती. तिची सावली माझ्यावर होती. ती फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसासारखी पाठमोरी झाली, हे मला सावलीवरून कळलं. बराच वेळ ती तशीच. मग वळली.

आणि तिनं माझा कोपरा धरला.

उजेड. एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता.

"माझं मन अजून मोकळं झालेलं नाही," सिएनी म्हणाली. "ते कधी होईल तेव्हा होईल. पण दुसऱ्याच्या मागे लपली असतीस, तर ही चटई मी मरेपर्यंत उचलली नसती. ऊठ. उलुगिया, तुम्हीही उठा, तुमचे गुडघे आता तसे राहिले नाहीत. कोको गरम आहे. प्या, आणि मला इस्पितळात सोडा." मग कोमेकडे बघून, "गाडी हा चालवेल."

*

लोसियो शुद्धीवर आला. पाय वाचला, पण लंगडा राहिला. यानेता त्याच सकाळी आपणहून पोलीसचौकीत गेली. खटला झाला, शिक्षा झाली, शाळाही बरेच दिवस सुटली. तिला परत घेतलं, तेव्हा गावातल्या आयांनीच मुलांना हाताला धरून तिच्याकडे आणून सोडलं. त्यांत सिएनीचा पुतण्या होता. तिनं गाडी पुन्हा चालवली नाही. कोमे तिला अजून चिडवतो, "चटईखाली गर्दी करणारी बाई!" ती त्याला खडूचा तुकडा मारते.

रीतीप्रमाणे मी लोसियोच्या घरी राहिले. सिएनीच्या गादीखाली.

आता माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात अशा काही जुन्या, बारीक विणीच्या गोष्टी असतील. कुणी आत्यानं दिलेल्या, कुणी मास्तरांनी दिलेल्या. त्या चांगल्या आहेत म्हणून घडी घालून ठेवून देऊ नका. अंधारात आम्हाला कीड लागते. अधूनमधून बाहेर काढा, उन्हात पसरा, हात फिरवून बघा कुठे काय झालंय ते. वेळ आलीच, तर अंगावर घ्यायला आम्ही हाताशी असू.

परवा सिएनीनं मला हिरवळीवर पसरलं होतं. लोसियोचं लग्न ठरलंय, त्यासाठी मला बघायचं होतं. मोएलागी काठी टेकत आली आणि शेजारी बसली. दोघी म्हाताऱ्या माझ्यावरून बोटं फिरवत होत्या. डाव्या काठापासून वीतभर आत सिएनीचं बोट थांबलं.

"इथे काय गं झालं होतं? वीण बरोबर आहे, पण घडीची रेघ दिसतेय."

"तिथे चुकलं होतं. उसवून परत विणलं."

"कुणी?"

मोएलागीनं शाळेकडे पाहिलं. घंटा वाजत होती. पटांगणातली पोरं जिथल्या तिथे उभी होती, एक जण तर एका पायावर.

सिएनीनं ती रेघ पुन्हा एकदा बोटानं चाचपली.

"चांगलं विणलंय," ती म्हणाली.